‘चालतं का?’ : थाई जेवणाच्या ताटावरून एक पाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी, परिसर अभ्यास आणि भाषा. पालकांनाही उपयोगी.)



आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे बाहेर जेवायला जाणं म्हणजे पूर्वी पावभाजी, डोसा, फार तर स्टेशनबाहेरची चायनीजची गाडी. आता मॉलमध्ये आणि नव्या सोसायट्यांच्या रस्त्यांवर ‘पॅन एशियन’ पाटीची हॉटेलं आली. मेन्यूकार्डावर टॉम यम, हिरवी करी, लाल करी, पॅड थाई अशी नावं दिसतात. मुलांचे वाढदिवसही तिथे होऊ लागले.

मग काय होतं बघा. वाढदिवसाला वर्गातली आठ-दहा मुलं बोलावलेली असतात. त्यांत एखादं मुंब्रा-कौशाचं किंवा कल्याणच्या दूधनाक्याचं मूल असतं. त्याची आई व्हॉट्सअॅपच्या गटावर विचारते, “तिथे हलाल मिळतं का?” आणि गट एकदम शांत होतो. कुणी लिहितं, “व्हेज खाऊ दे की.” कुणी लिहितं, “चालतं हो, एक दिवस काय होतंय!” कुणाच्याच मनात वाईट नसतं, पण उत्तरही कुणाकडे नसतं. शेवटी ते मूल येत नाही, किंवा येतं आणि पाण्याची बाटली घेऊन बसतं. नऊ-दहा वर्षांचं लेकरू त्यातून एवढंच शिकतं की आपल्या घरामुळे इतरांची अडचण होते.

‘चालतं का?’ हा आपल्या मराठीतला फार चांगला प्रश्न आहे. जैन घरात कांदा-लसूण चालत नाही, माळकऱ्याला मांस-मच्छी चालत नाही, श्रावणात अनेकांना चालत नाही, शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला चिक्की चालत नाही. हलालचा प्रश्न याच रांगेतला आहे. तो नीट विचारणं आणि त्याला खरं उत्तर देणं, या दोन गोष्टी शिकवता येतात. थाई जेवण त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्या जेवणातले कळीचे पदार्थ ताटात दिसतच नाहीत. ते रश्श्यात विरघळलेले असतात.

पाठाची उद्दिष्टे

१. हलाल म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला साध्या शब्दांत सांगता येणे.
२. पाकिटावरची खूण व घटकांची यादी वाचता येणे.
३. अन्नाबद्दल नम्रपणे प्रश्न विचारता येणे व प्रामाणिक उत्तर देता येणे.
४. एकाच धर्मातही घराघरांत खाण्याचे नियम वेगळे असू शकतात, हे समजणे.

हलाल म्हणजे काय?

‘हलाल’ हा अरबी शब्द. अर्थ : परवानगी असलेलं. त्याच्या उलट ‘हराम’, म्हणजे मनाई असलेलं. हे शब्द आपल्याला परके नाहीत. नमकहराम, नमकहलाल, हरामाची कमाई हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. भाषेच्या तासाला इथूनच सुरुवात करा. मुलांना शब्द आधी ओळखीचा वाटला की विषय सोपा जातो.

हलाल म्हणजे फक्त प्राणी कापण्याची पद्धत, असं पुष्कळांना वाटतं. तो एक भाग झाला. अल्लाहचं नाव घेऊन, धारदार सुरीने गळ्याशी कापून, रक्त वाहून जाऊ देणं ही ती पद्धत. पण डुकराचं मांस, आपोआप मेलेल्या प्राण्याचं मांस, वाहतं रक्त आणि नशा आणणारे पदार्थ यांनाही मनाई आहे. म्हणजे हलाल दुकानातून आणलेली कोंबडी वाइन घालून शिजवली, तर ती डिश चालणार नाही. भाज्या, फळं, धान्य, दूध, अंडी हे मुळातच हलाल. मासा कापण्याचा विधी लागत नाही.

हलाल आणि हराम यांच्या मधे एक जागा आहे. जिथे खात्री नाही, शंका आहे, तिथे धार्मिक वृत्तीची माणसं न खाणं पसंत करतात. व्हॉट्सअॅपवर विचारणारी ती आई याच जागेवर उभी असते. तिला कुणावर आरोप करायचा नसतो, तिला शंका मिटवायची असते.

थाई ताटात काय काय असतं?

थाई स्वयंपाक आपल्या कोकणाला फार लांबचा नाही. नारळाचं दूध, चिंच, कोथिंबीर, मिरची, भात, मासे ही तीच शिदोरी. त्यांच्या टॉम यम सुपात पडतो तो आपला गवती चहा. आपण तो चहात घालतो, ते सुपात. आल्यासारखं दिसणारं एक मूळ घालतात, ते आपल्या आयुर्वेदिक दुकानात मिळणाऱ्या कोष्टकोळिंजनाच्या कुळातलं.

आता न दिसणारे पदार्थ बघू.

माशाचा सॉस : थाई भाषेत ‘नाम प्ला’. ‘नाम’ म्हणजे पाणी, ‘प्ला’ म्हणजे मासा. आपल्या मांदेलीच्या कुळातले छोटे मासे मिठात घालून वर्षभर किंवा जास्त मुरवतात आणि त्याचं पाणी गाळतात. आपण जिथे मीठ घालतो तिथे थाई माणूस बऱ्याचदा हा सॉस घालतो. त्यामुळे ‘भाज्यांची करी’सुद्धा शाकाहारी असेलच असं नाही.

झिंग्याची पेस्ट : ‘कापी’. आपल्याकडे जो जवळा सुकवतात, त्याच जातकुळीचा बारीक झिंगा मीठ घालून, वाटून, आंबवून ही पेस्ट करतात. लाल आणि हिरव्या करीच्या वाटणात ती बहुधा असते. बाजारातल्या तयार वाटणाच्या डब्यातही असते.

ऑयस्टर सॉस : कालवांच्या अर्कापासून केलेला दाट सॉस. परतलेल्या भाज्यांना आणि नूडल्सना चकाकी येते ती बऱ्याचदा याची.

वाइन : मूळ थाई स्वयंपाकात तिचं फारसं काम नाही. पण आपल्याकडची हॉटेलं एकाच स्वयंपाकघरात चायनीज, जपानी, थाई सगळं करतात. चिनी पद्धतीत तांदळाची वाइन वापरतात, जपानी पद्धतीत ‘मिरिन’. म्हणून विचारावं लागतं. गंमत म्हणजे थाई मेन्यूत ‘ड्रंकन नूडल्स’ नावाचा पदार्थ असतो. नाव ऐकून घाबरायला होतं, पण मूळ पाककृतीत दारू नसते. नुसत्या नावावरून ठरवू नये, ते असं.

डुकराचं मांस : थायलंडमध्ये ते सर्रास खातात. आपल्याकडच्या काही हॉटेलांत असतं, काहींत नसतं. मेन्यूत बेकन, हॅम, पोर्क हे शब्द आहेत का ते बघावं.

जेली आणि पुडिंग : आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो ते समुद्रशेवाळापासून होतं. जिलेटिन मात्र प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. इथे मुस्लिम घर, जैन घर आणि माळकरी घर तिघांचाही प्रश्न एकच होतो.

चार शब्द थाई भाषेचे

हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात. मेन्यूकार्ड वाचायला ते खरोखर कामी येतात.

‘खाओ’ म्हणजे भात.
‘गाय’ म्हणजे कोंबडी. (हो, कोंबडी! इंग्रजी मेन्यूत हा शब्द वाचून आपल्याकडचे लोक दचकतात.)
‘कुंग’ म्हणजे कोळंबी.
‘नुआ’ म्हणजे गोमांस.
‘मू’ म्हणजे डुकराचं मांस.
‘टॉम’ म्हणजे उकळलेलं, ‘पॅड’ म्हणजे परतलेलं.
‘जे’ म्हणजे कडक शाकाहारी.

‘खाओ’ ऐकून मुलांना हिंदी आठवतं आणि ‘गाय’ ऐकून गोठा. सारखा आवाज, पण वेगळा अर्थ. भाषेचा तास इथेच रंगतो.

‘जे’ शब्द जैन आणि माळकरी पालकांनी लक्षात ठेवावा. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, पण कांदा-लसूणही टाळतात. फुकेतमध्ये दरवर्षी नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव होतो, तोही बहुधा आपल्या नवरात्राच्या आगेमागे.

थायलंडमध्ये मुसलमान काय खातात?

हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतंच. थायलंड बौद्धबहुल देश. मुसलमान साधारण वीस माणसांत एक. दक्षिणेकडे मलेशियाच्या सीमेजवळचे पत्तानी, याला, नराथिवात हे प्रांत मुस्लिमबहुल आहेत. नकाशा काढा आणि दाखवा.

म्हणजे थाई जेवण आणि हलाल जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं नाही. ‘मसामन करी’ घ्या. तिच्या नावाचा संबंध ‘मुसलमान’ या शब्दाशी जोडतात. वेलदोडा, दालचिनी, लवंग, जायफळ, जिरे, धने असे आपल्या ओळखीचे मसाले, त्यात नारळाचं दूध, बटाटा आणि शेंगदाणे. सतराव्या शतकात अयुथया ही सयामची राजधानी होती (अयोध्येवरूनच आलेलं नाव बरं का!). तिथे इराणी व्यापारी वसले होते आणि त्यांच्यातले काही राजाच्या दरबारात मोठ्या पदांवर होते. करीतला खडा मसाला हा त्या व्यापाराचा वास आहे, असं मानलं जातं. ‘खाओ मोक गाय’ म्हणजे हळद घातलेली थाई पद्धतीची कोंबडी बिर्याणी, आणि ती तिथल्या मुस्लिम दुकानांची खासियत आहे.

थायलंडमध्ये हलालची खूण देण्याचं काम तिथली केंद्रीय इस्लामी परिषद करते. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात हलाल विज्ञान केंद्र आहे. अन्नात डुकराचा अंश किंवा अल्कोहोल आहे का, हे तिथे प्रयोगशाळेत तपासतात. बौद्धबहुल देशातलं विद्यापीठ हे काम करतं, ही माहिती पाचवीच्या मुलांना आवर्जून सांगा. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या थाई नारळाच्या दुधाच्या किंवा वाटणाच्या अनेक डब्यांवर अरबी लिपीतली ती खूण असते. डबा फिरवून बघायचा.

एक धर्म, पण घरं अनेक

या पाठातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबू.

आपल्या ठाणे जिल्ह्यात कोकणी मुसलमान शेकडो वर्षांपासून आहेत. कल्याण आणि ठाणे ही जुनी बंदरं. अरबी समुद्रापलीकडचे व्यापारी इथे येत, काही इथेच राहिले. कल्याण-भिवंडीकडच्या कोकणी मुसलमान घरांत तांदळाची भाकरी, नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, सांदण हे पदार्थ होतात आणि घरातली बोली मराठीच्या जवळची असते. ही मंडळी बहुतेक शाफई पंथाची. शाफई मतानुसार समुद्रातले जवळपास सगळे जीव चालतात. म्हणून त्यांच्याकडे खेकडा चालतो, तिसऱ्या-कालवंही चालतात.

भिवंडीत यंत्रमागांच्या कामासाठी उत्तर भारतातून अनेक कुटुंबं आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला येऊन राहिली. यांतली पुष्कळ घरं हनफी पंथाची. हनफी मतानुसार पाण्यातला फक्त मासा चालतो. खेकडा आणि कालवं नाहीत. कोळंबीबद्दल त्यांच्याही विद्वानांचं एकमत नाही, काही घरं खातात, काही टाळतात. शिया घरांत खवले असलेले मासे चालतात आणि कोळंबी चालते.

आता थाई ताट आठवा. एकाच बाकावर दोन मुस्लिम मुलं बसलेली आहेत. ऑयस्टर सॉसमधल्या भाज्या एकाला चालतील, दुसऱ्याला नाही. झिंग्याची पेस्ट एकाच्या घरात सहज चालेल, दुसऱ्याची आई विचारात पडेल. ‘मुसलमान काय खातात?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर चुकणारच. ‘तुमच्याकडे काय चालतं?’ असं विचारलं तर बरोबर येईल.

हिंदू घरांचंही तसंच की. एक ब्राह्मण घर मासे खात नाही, सारस्वत घर खातं. एकाला सोमवारी चालत नाही, एकाला गुरुवारी. आपल्या घरातले असे बारकावे आपल्याला सहज समजतात. शेजारच्या घरातही ते असतील, हे लक्षात यायला थोडं शिकावं लागतं.

हॉटेलात विचारायचे सहा प्रश्न

पालकहो, हे प्रश्न वहीत लिहून ठेवा. शक्यतो आदल्या दिवशी दुपारी, हॉटेलात गर्दी नसताना फोन करा. रविवारी रात्री नऊ वाजता वेटरला विचारलं तर त्यालाही सांगायला वेळ नसतो.

१. कोंबडी-मटण हलाल दुकानातून येतं का? सगळंच, की काहीच?
२. तुमच्याकडे डुकराचं मांस शिजतं का?
३. शिजत असेल तर त्याची कढई, तळणाचं तेल, सुरी आणि पाट वेगळे आहेत का?
४. सॉसमध्ये किंवा मांस मुरवताना वाइन, मिरिन घालता का?
५. करीचं वाटण घरचं की डब्यातलं? त्यात झिंगा, माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस आहे का?
६. गोडात जिलेटिन आहे का?

आता उत्तर कसं ऐकायचं ते. “हो हो, सगळं हलाल आहे, या तुम्ही,” हे उत्तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आत आलं, तर परत विचारा. “थांबा, आत विचारून सांगतो,” असं जो म्हणतो तो भरवशाचा. “कढई वेगळी नाही,” असं कुणी स्पष्ट सांगितलं तर त्याचे आभार माना. तिथे आपण जेवणार नाही कदाचित, पण त्याने आपल्याला फसवलं नाही.

एकाच सहा प्रश्नांवर सगळी कुटुंबं सारखा निर्णय घेत नाहीत. काहींना मांस हलाल असलं की पुरतं. काहींना दारू देणाऱ्या हॉटेलात बसायचंच नसतं. काही जण मुलांना घेऊन जातात आणि फक्त भाज्या-भात मागवतात. निर्णय त्यांचा. यजमानाचं काम खरी माहिती देण्याचं.

प्रमाणपत्राबद्दल थोडं. हॉटेलच्या भिंतीवर चौदा आकडी क्रमांक असतो, तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना. त्याचा हलालशी संबंध नाही. हलालचं प्रमाणपत्र जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया यांसारख्या संस्था देतात. या प्रमाणपत्रांवरून राजकारणात वाद होतात, हे आपण बातम्यांत वाचतो. वर्गात तो वाद आणायची गरज नाही. आपला विषय शेजारी बसलेल्या मुलाच्या ताटाचा आहे.

वर्गातल्या कृती

कृती १ : रिकामी पाकिटं

मुलांना घरून रिकामी, स्वच्छ पाकिटं आणायला सांगा. बिस्कीट, नूडल्स, जेली, चॉकलेट काहीही. आपण स्वतः थाई करीच्या वाटणाचं एखादं पाकीट आणि नारळाच्या दुधाचा डबा आणावा. वहीत चार रकाने आखा : पदार्थ, खूण, घटक, अजून काय कळलं नाही.

खुणा समजावून सांगा. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी ठिपक्याची होती, २०२० च्या लेबलिंग नियमांनी ती तपकिरी त्रिकोणाची झाली. ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांनाही आकारावरून कळावं, हा त्यामागचा विचार. शेंगदाणे, दूध, सोया, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव अशा अॅलर्जी आणणाऱ्या घटकांची वेगळी ओळही पाकिटावर असते.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. हिरवा ठिपका कांदा-लसणाबद्दल काही सांगत नाही. तपकिरी त्रिकोण कोणत्या प्राण्याचं मांस ते सांगत नाही. ४७१ क्रमांकाचा पायसकारक वनस्पतीपासूनही होतो आणि प्राण्यापासूनही. खूण थोडं सांगते, बाकीचं विचारावं लागतं. हे मुलांनी स्वतः शोधलं की पक्कं बसतं.

कृती २ : वासाचा खेळ

गवती चहा, आलं, कोथिंबीर, चिंच, दालचिनी, ओलं खोबरं वाट्यांमध्ये ठेवा. डोळे मिटून वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. मग सांगा, याच वस्तूंनी थायलंडमध्ये जेवण होतं. नकाशावर कोकण किनारा आणि थायलंडचा किनारा दाखवा. दोन्हीकडे भात, नारळ, मासे का, हे मुलांकडून काढून घ्या. जवळ्याचं फक्त चित्र दाखवा. काही मुलांच्या घरात सुकी मासळी चालत नाही. जो पाठ ‘चालतं का?’ शिकवतो, त्याने तो नियम स्वतःही पाळावा.

कृती ३ : चार पाहुण्यांचं कोडं

फळ्यावर सहा पदार्थ लिहा.

अ) साधा वाफवलेला भात
आ) कोळंबीचं टॉम यम
इ) कोंबडीची मसामन करी (शेंगदाणे घातलेली)
ई) ऑयस्टर सॉसमधल्या भाज्या
उ) भाज्यांची हिरवी करी (तयार वाटणाची)
ऊ) आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात

पाहुणे चार : हनफी घरातली मुलगी, कोकणी शाफई घरातला मुलगा, जैन मुलगा आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असलेली मुलगी. चौघांना कोणते पदार्थ चालतील? गटात बसून ठरवा. नक्की ‘हो’, नक्की ‘नाही’ आणि ‘विचारावं लागेल’ अशा तीन याद्या करायच्या.

पहिल्यांदा मुलं ‘भाज्यांची हिरवी करी’ सगळ्यांना देऊन टाकतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की वाटणात झिंगा असू शकतो, म्हणजे जैन मुलाला ती चालणार नाही आणि हनफी मुलीच्या घरी विचारावं लागेल. शेवटी साधा भात आणि आंब्याचा चिकट भात हे दोन पदार्थ उरतात. वर शेंगदाणे भुरभुरवलेले नाहीत ना, एवढं विचारलं की आंबा-भात चौघांनाही चालतो. उत्तर सापडल्यावर वर्गात जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. चौघांना एका टेबलावर बसवणारा पदार्थ आहे, फक्त शोधायला पाच मिनिटं द्यावी लागली.

कृती ४ : संवाद

जोड्या करून हा संवाद म्हणायला द्या, नंतर मुलांना स्वतःचा लिहायला सांगा.

यजमान आई : ताई, रविवारी आमच्याकडचा वाढदिवस आहे. तुमच्या मुलीला काय चालतं ते आधीच विचारते.
पाहुणी आई : बरं केलंत विचारलंत. आमच्याकडे हलाल चिकन चालतं. पण त्याच कढईत डुकराचं शिजत असेल तर नाही चालत.
यजमान आई : आणि कोळंबी?
पाहुणी आई : ती खाते. खेकडा, कालवं नाही. ऑयस्टर सॉस पण नको.
यजमान आई : मी उद्या हॉटेलात फोन करते. त्यांनी नीट नाही सांगितलं तर जागा बदलू.
पाहुणी आई : जागा कशाला बदलता? भात-भाज्या चालतील, वाइन नसली म्हणजे झालं.
यजमान आई : विचारून कळवते. मुलीला पाठवा नक्की.

एवढ्याशा बोलण्यात मूल पाहुणं म्हणून सुखाने जातं.

मुलं विचारतात तेव्हा

“बाई, कापताना प्राण्याला दुखत नाही का?” हा प्रश्न येतोच. टाळू नका. कोणत्याही पद्धतीचं मांस असलं तरी प्राण्याचा जीव जातो, हे खरं सांगा. काही लोक म्हणूनच मांस खात नाहीत, काही लोक आपल्या धर्माचे नियम पाळून खातात. वर्गात आपण माहिती घेतो, कुणाचं ताट चांगलं यावर हात वर करायला लावत नाही.

“मग त्यांनी व्हेजच खावं ना, सोपं आहे!” असंही म्हणतात. थाई करीच्या वाटणाचं पाकीट पुढे करा आणि घटक मोठ्याने वाचायला लावा. ‘व्हेज’ म्हटलं की सगळे प्रश्न मिटत नाहीत, हे मुलाला स्वतःलाच दिसतं.

शिक्षकांसाठी दोन सूचना

पहिली. वर्गातल्या मुस्लिम मुलाला उभं करून “तू सांग बरं, हलाल म्हणजे काय?” असं विचारू नये. जैन मुलालाही नाही. नऊ वर्षांच्या मुलावर साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर देण्याचं ओझं येतं. माहिती आपण सांगायची. मूल आपणहून बोललं तर आनंदाने ऐकायचं. पाहुण्यांचं कोडंही चिठ्ठ्या टाकून द्यावं, म्हणजे कुणाच्याही वाट्याला कुणीही पाहुणा येतो.

दुसरी. शाळेतही आपण हे करतच असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, तेव्हा अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळं ठेवलं होतं. पर्याय आधीच ठरलेला असला की कुणाला हात वर करून ‘मला चालत नाही’ म्हणावं लागत नाही. सहल, स्नेहसंमेलन, वाढदिवस यांचा खाऊ ठरवताना एवढं आधी ठरवलं तरी पुष्कळ झालं. सहलीच्या संमतिपत्रात एक ओळ वाढवा : ‘आपल्या पाल्याला काय चालत नाही?’ जातीधर्माचा उल्लेख लागत नाही, अॅलर्जीही त्याच ओळीत येते.

आणि पालकहो, आपल्या मुलाला एक वाक्य पाठ करून द्या : “थँक्यू काकू, हे आमच्याकडे चालत नाही, मी ते दुसरं घेऊ का?” लाजायचं नाही, चिडायचंही नाही. आणि दुसऱ्याच्या मुलाने हे वाक्य म्हटलं तर आपल्या मुलाने “का रे?” म्हणून पिच्छा न पुरवता वाटी पुढे करावी.

स्वाध्याय

१. घरातल्या मोठ्यांना विचारा : आपल्याकडे काय चालत नाही आणि कधी चालत नाही? तीन ओळी लिहा.
२. स्वयंपाकघरातलं एक पाकीट घेऊन त्यावरच्या खुणा वहीत काढा.
३. ‘चालणे’ हे क्रियापद वापरून पाच वाक्यं लिहा, प्रत्येकात अर्थ वेगळा हवा. (पाय चालणे, घड्याळ चालणे, दुकान चालणे...)
४. तुमच्या वाढदिवसाला चार मित्र येणार आहेत. त्यांना काय विचाराल? प्रश्न लिहा.

मूल्यमापन

तोंडी परीक्षेत ‘हलाल’ची व्याख्या विचारू नका, ती पाठ होते. पाहुण्यांच्या कोड्यात मुलाने ‘विचारावं लागेल’ ही यादी किती विचारपूर्वक भरली ते बघा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणता येणं आणि मग विचारायला जाणं, हे जमलं तर पाठ पोहोचला असं समजा.

दोन तासिकांत हा पाठ होतो. पाकिटं गोळा करायला आधीचा आठवडा द्या. आपल्या वर्गात करून पाहा, आणि मुलांनी चार पाहुण्यांसाठी दुसरा एखादा पदार्थ शोधला तर तोही आपल्या यादीत वाढवा.